पहिला घास रुईजूचा

जगात सुवासिक झाडांची काय कमी आहे? आमच्याच डोंगरात कापूर आहे, दालचिनी आहे, चहाची पांढरी फुलं आहेत. पण माझ्या थोरल्या जावेच्या, यिनमेईच्या, वाट्याला आलं ते वासाडं गवत. नाव ठेवणाऱ्याने अगदी बरोबर ठेवलंय. पान चुरगाळलं की रॉकेलमध्ये लिंबू पिळल्यासारखा वास येतो, हात कितीही धुवा, जात नाही. डुकरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. डुकरांच्या खोपटामागे, पायवाटेच्या कडेला, जिथे काही उगवू नये तिथे ते उगवतं आणि कमरेएवढं वाढतं. त्या गवताने आमचं गाव वाचवलं, हे खरंच आहे. यिनमेईचं त्याने काय केलं, ते मात्र गावातले लोक असं काही धुऊन-पुसून सांगतात की ऐकताना माझं डोकं फिरतं. म्हणून मी सांगते.

ती आली वरच्या डोंगरातून. तिचे वडील कापूर गाळायचे. लग्नात मुली पेट्या आणतात, रजया आणतात. हिच्यामागून दोन भाऊ कावडीला लाकडी पिंप टांगून आले. आमच्या सासूबाई दारातच म्हणाल्या, "सून आणली की गुत्तेवाली?" यिनमेई हसली. तिचे दात पुढे होते, हसली की हात तोंडावर जायचा. म्हणाली, "आई, पिंपाला जेवायला लागत नाही." सासूबाईंना उत्तर सुचलं नाही. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडलं, आणि मी तेव्हाच ठरवलं की या बाईशी आपलं जमणार.

पिंपाचं काम सोपं होतं. मोठ्या कढईवर पिंप ठेवायचं, त्याच्या तळाला भोकं. आत पाला दाबून भरायचा, वर गार पाण्याचं भांडं, कडेने बांबूची नळी. कढईतलं पाणी उकळलं की वाफ पाल्यातून वर चढते, गार तळाला लागून तिचे थेंब होतात आणि नळीतून मडक्यात उतरतात. मडक्यात पाणी खाली राहतं, तेल वर तरंगतं. जाळ केवढा ठेवायचा हे मात्र हाताला कळावं लागतं, आणि ते तिच्या हाताला कळायचं.

आमच्याकडे तेव्हा पिवळा आळस होता. आमच्या लोकांत शेत बायकांचं. वसंतात रताळ्याचे वेल लावायला आम्ही अनवाणी वाफ्यांत उतरायचो, आणि वाफ्यांत ताजं सोनखत ओतलेलं असायचं. मग पायाच्या बेचक्यांत अशी खाज सुटायची की दगडावर पाय घासून रक्त काढायचो. "माती चावली" म्हणायचो आणि पुन्हा कामाला लागायचो. काही महिन्यांनी माणूस पिवळं पडायचं. ओठ पांढरे, पाय सुजलेले, चार पायऱ्या चढल्या की धाप. आणि खाण्याचे भलतेच डोहाळे. कोणी कच्चे तांदूळ चावायचं, कोणी कोळसा, कोणी चुलीची माती. आत बसून जंत रक्त पितायत, हे आम्हाला कुठे ठाऊक! आम्ही म्हणायचो, आळशी आहे मेला.

यिनमेईचा नवरा, माझे थोरले दीर देशेंग, असेच आळशी ठरून गेले. शेवटी शेवटी ते भिंतीला टेकून बसायचे आणि नखाने भिंतीची माती खरवडून खायचे. लाइफू काका म्हणजे आमच्या कुळातले वडीलधारे आणि गावाचे पुढारी. ते येता-जाता टोमणा मारायचे, "काय देशेंग, भिंत संपत आली, छप्पर कधी खायला घेणार?" सगळे हसायचे. भावजीही हसायचे. एका सकाळी त्यांनी पेजेची वाटी हातात घेतली, ती तोंडापर्यंत नेण्याचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. त्यांच्याआधी यिनमेईची दोन मुलं गेली होती, त्यांच्यामागून तिसरं गेलं. उरली एक रुईजू, चार वर्षांची. आणि एक दिवस यिनमेईला दिसलं की रुईजूही बापाच्या जागी बसून नखाने भिंत खरवडते आहे.

त्या दिवसापासून त्या बाईला एकच ध्यास होता. ही एक जगली पाहिजे.

तिच्या माहेरी पोरांचे जंत पाडायला वासाड्या गवताचा काढा देत. तिने काढा करून पाजला, काही झालं नाही. मग तिने पिंप बाहेर काढलं. पहिलं तेल कापरासारखं मंद जाळावर गाळलं, त्यानेही काही झालं नाही. मग तिने बी धरलेलं गवत भरलं आणि खाली असा जाळ घातला की सासूबाई पाण्याच्या बादल्या घेऊन उभ्या राहिल्या. ते तेल निराळंच होतं. पिवळं, तिखट, नुसत्या वासाने डोळ्यांना पाणी. आधी तिने स्वतः घेऊन बघितलं, मग रुईजूला थोडे थेंब साखरेत घालून दिले.

दुसऱ्या दिवशी ती माझा हात धरून ओढतच मला घेऊन गेली. "धाकटे, बघ! बघ, किती मेले!" पोरीच्या शौचात पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे पडावेत तसे जंत होते. मी म्हटलं, "वहिनी, लोक दागिने दाखवायला बोलावतात." ती हसत सुटली आणि हसता हसता रडायला लागली. उन्हाळा संपेपर्यंत रुईजूच्या ओठांना रंग आला होता. माझा मुलगा आफा तेव्हा पाच वर्षांचा होता आणि उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणायचा. मी त्याला दार लावून घरातच ते तेल दिलं, कोणाला विचारत बसले नाही. तोही उठला.

पण गावाला एकदा चटका बसला होता. आमच्या सासऱ्यांच्या लहानपणी एक फिरता वैद्य जंतांवरची पूड विकून गेला. सगळ्यांदेखत स्वतः चिमूटभर खाऊन दाखवली होती त्याने. तो पुढच्या गावाला पोचला नसेल तोवर इकडे घराघरांत पोरं मेली. तेव्हापासून कुळाचा नेम झाला. गावात जो कोणी नवं औषध देईल त्याने कुळाच्या देवळापुढे, पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांसमोर, पहिला घास आपल्या पोटच्या पोराला द्यायचा. मोठ्या माणसाने खाल्लेलं चालत नाही, कारण मोठं माणूस पचवून दाखवतं. आणि पोराने खरंच गिळलं का, हे क्वेई आजीने त्याचं तोंड हुंगून सांगायचं. क्वेई आजी गावची सुईण. डोळे अधू झाले होते, पण नाक असं की कोणाच्या घरी कोंबडी शिजतेय ते अंथरुणातून सांगायची. आजीने "खरं आहे" म्हटलं की बाकीच्यांनी घ्यायचं, नाहीतर घरी जायचं.

सहकारी शेती सुरू झाली त्या सुमाराला तालुक्याच्या दवाखान्यातून तांग डॉक्टर आले. बारीक चणीचे, चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला. त्यांनी घरातल्या प्रत्येकाचं शौच केळीच्या पानात बांधून, वर नाव लावून मागितलं. गावात हसून हसून पुरेवाट झाली. लाइफू काकांना घरातल्या सगळ्यांच्या मागे लागायचा कंटाळा, त्यांनी एकट्याचंच सगळ्यांच्या नावाने वाटून पाठवलं. तांग डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढलं आणि म्हणाले, "काका, तुमच्या घरात नातीपासून आजीपर्यंत सगळ्यांच्या पोटात अगदी सारखेच जंत आहेत. एकोपा असावा तर असा." त्या दिवसापासून ते गावाचे झाले.

जंत सोनखतातून मातीत येतात आणि पायाच्या कातडीतून आत शिरतात, हे त्यांनीच सांगितलं. यिनमेईचं तेल त्यांनी हुंगलं, चिठ्ठी लावून एक बाटली तपासणीला पाठवली, आणि उत्तर आल्यावर तिच्यासमोर बसून बोलले. "तेल उत्तम आहे. पण हे थोडं औषध आणि बरंचसं विष आहे, हे लक्षात ठेवा. पोराच्या वयाइतकेच थेंब, मोठ्यांना फार तर सोळा. दोन तासांनी जुलाबाचं मीठ. आणि ज्याच्या पोटात जंत नाहीत त्याला एक थेंबही द्यायचा नाही." दवाखान्यात गोळ्या पुरेशा नव्हत्या. गवत फुकट होतं.

मग देवळापुढे पहिल्यांदा ते झालं. पांढऱ्या ताटात चिकट भाताच्या गोळ्या, प्रत्येकीत तेलाचे थेंब मुरवलेले, वरून तांबडी साखर. एका बाजूला पोरांच्या, एका बाजूला मोठ्यांच्या. क्वेई आजी बाकावर, भोवती सगळं गाव. रुईजू पुढे आली, गोळी गिळली, तोंड वेडंवाकडं केलं आणि आजीसमोर जाऊन मोठ्ठा 'आ' केला. आजी हुंगून मागे सरली. "खरं आहे, बाई! माझंच नाक गेलं!" लोक हसले, कोणी रुईजूच्या हातात तिळाची वडी दिली, कोणी गालगुच्चा घेतला. पोरगी अशी फुलली की काय सांगू. त्या वर्षी निम्म्या गावाने घेतलं. उरलेल्या निम्म्यांना आधी शेजाऱ्याचं काय होतं ते बघायचं होतं.

पुढच्या वर्षी बरे झालेल्यांतले कितीतरी पुन्हा पिवळे पडले. तांग डॉक्टर म्हणाले, "अर्ध्यांनी घेऊन काय उपयोग? उरलेल्यांच्या पोटातली अंडी शेतात येतात, शेतातून पुन्हा सगळ्यांच्या पायात. जंत आहेत त्या सगळ्यांनी एकदम घ्यायला हवं. आणि सोनखत झाकून कुजवून मगच टाका." मग त्यांनी रुईजूचं पान तपासलं. "हिच्या पोटात एकही नाही. फार छान. हिला आता द्यायचं नाही."

देवळापुढे यिनमेईने तसं सांगितलं तर लाइफू काका म्हणाले, "का बरं?"

"काका, तिला गरज नाही."

"मग तर उत्तमच. निरोग्याला जे बाधत नाही ते आम्हाला काय बाधणार? दे तिला."

"मी घेते. तुमच्यासमोर घेते."

"तो वैद्यही घेत होता, सूनबाई."

माणसं घराकडे वळायला लागली. आता बघा, ती बाई कशी कोंडीत सापडली होती. गावाने घेतलं नाही तर शेतं तशीच राहणार, आणि आज ना उद्या जंत रुईजूच्या पायात शिरणार. गावाने घ्यायचं तर आधी रुईजूने घ्यायचं. पोरीला वाचवायला पोरीलाच विष द्यायचं, असा तो हिशेब होता. आणि तो मांडणारी माणसं दुष्ट नव्हती. भ्यालेली होती. भ्यालेल्या माणसांचा मला जास्त राग येतो.

तिने एक युक्ती केली. पोरीच्या ओठांना आणि जिभेच्या टोकाला तेल चोळलं आणि साधी भाताची गोळी दिली. क्वेई आजीने हुंगलं, पुन्हा हुंगलं. "ओठांना आहे. घशात नाही." एवढंच बोलली. लोक घरी गेले. ताटातल्या गोळ्या आम्ही दोघींनी खड्ड्यात पुरल्या.

त्या हिवाळ्यात लाइफू काकांची धाकटी नात गेली, आच्याओ. पिवळा आळसच होता. काका आमच्या अंगणात आले, भिंतीशी उभे राहिले आणि यिनमेईला म्हणाले, "औषध तुझ्याकडे होतं. तुझ्या पोरीला एक घास जड झाला, म्हणून माझी गेली." मी तोंड उघडणार होते, की काका, ती गोळी तुमच्या हाताशी होती, कोणी हात धरला होता? पण यिनमेईने माझं मनगट दाबलं. तिने स्वतः तीन पोरं पुरली होती. त्या माणसाला त्या वेळी काय ऐकू येणार आणि काय नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

त्यानंतर नव्या तेलाचा पहिला घास तिने रुईजूला खराच दिला. थेंब कमी घातले, पण आजीच्या नाकाला पुरतील इतके घालावेच लागले. आणि एकदा देऊन भागलं नाही. प्रत्येक नव्या मडक्याचा नवा पहिला घास. खालच्या वाड्या आमच्याच कुळातल्या, त्यांचाही नेम तोच. शरदात यिनमेई खांद्यावर कावड घेऊन निघायची. एका टोकाला तेलाचं मडकं, दुसऱ्या टोकाला टोपलीत रुईजू. वाडीत पोचलं की पोरगी आपणहून टोपलीतून उतरायची, गोळी गिळायची आणि कोणी म्हातारी दिसेल तिच्यापुढे तोंड उघडायची. लोक शाबासकी द्यायचे. आई कौतुकाने पाठीवर हात फिरवायची आणि मग रस्त्याच्या वळणावर बसून तिला मिठाचं पाणी पाजायची, पोटातलं उलटून पडावं म्हणून. कधी पडायचं, कधी नाही.

"आई, कानात रातकिडे ओरडतात," रुईजू एकदा माझ्यासमोरच म्हणाली. बाहेर दहिवर पडत होतं, रातकिडे केव्हाच मेले होते. यिनमेईने तिला जवळ घेऊन कानात फुंकर घातली. मग म्हणाली, "थंडी बसली असेल."

मग पोरगी ऐकेनाशी झाली. डुकरांना पाला टाक म्हटलं तर तशीच बसून राहायची. पाणी आण म्हटलं तर सरपण आणायची. यिनमेई दमून आलेली असायची, तिचा तोल जायचा. एकदा तिने मागून पाच-सहा हाका मारल्या आणि मग जाऊन एक थोबाडीत ठेवून दिली. "बहिरी झालीस का ग?" आम्ही सगळ्याच आया दिवसातून दहादा हेच म्हणतो. रुईजू गाल धरून आईच्या तोंडाकडे बघत राहिली. टक लावून, ओठांकडे. मला तेव्हा वाटलं, काय उर्मट बघते.

नववर्षाच्या सकाळी देवळापुढे फटाक्यांची लांबलचक माळ लावली. पोरं कानांवर हात ठेवून किंचाळत पळाली, कुत्री घरात शिरली. रुईजू पायरीवर पाठ करून बसली होती आणि कलिंगडाच्या भाजलेल्या बिया सोलत होती. माळ तिच्या मागे हातभर अंतरावर फुटत होती. तिने एक बी सोलली, खाल्ली, दुसरी घेतली. धूर नाकात गेला तेव्हा मागे वळून बघितलं आणि हसली.

यिनमेई माझ्या शेजारी उभी होती. तिच्या हातातलं वाफवलेल्या तांदळाच्या वड्यांचं ताट खाली पडलं. माळ संपल्यावर सगळं शांत झालं आणि त्या शांततेत ती पोरीच्या पाठीमागे जाऊन हाका मारत राहिली. हळू, मग मोठ्याने, मग ओरडून. गाव बघत होतं.

तांग डॉक्टरांनी रुईजूच्या मागे पितळी परात वाजवून बघितली. "कानाची नस गेली. परत येणार नाही." मग चष्मा काढून म्हणाले, "मी सांगितलं होतं ना, हिला द्यायचं नाही?"

"तुम्ही मला सांगितलंत," यिनमेई म्हणाली. "त्यांना कोण सांगणार होतं?"

त्यांनी चष्मा पुन्हा कानाला बांधला. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाले, "आता हिला जंत झाले तर हे तेल हिला देता येणार नाही. जरासंही नाही. सांभाळा."

मला वाटलं आता ती पिंप फोडून चुलीत घालणार. मी घातलं असतं. पण ती उन्हाळ्यात पुन्हा गवत कापायला निघाली. मी वाट अडवली. "वहिनी, वेड लागलंय का? या लोकांसाठी?"

"लोक गेले खड्ड्यात," ती म्हणाली. "तिला आता औषध चालणार नाही, ऐकलंस ना? मग तिच्या पायाखालची माती तरी स्वच्छ हवी. सगळ्यांनी घ्यायला हवं, या वेळी एकूण एक. पण रुईजू नाही. मी सरळ सांगणार आहे. तिचे कान घेतलेत, आता पुरे."

ठरलेल्या दिवशी तांग डॉक्टर खालच्या वाडीत अडकले होते. यिनमेईने रुईजूला घरात ठेवून दाराला बाहेरून काठी लावली. त्या पोरीला कसं समजावणार? शब्द तिच्यापर्यंत पोचत नव्हते. तिला पाला दिसायचा, धूर दिसायचा, पांढरं ताट दिसायचं. तिला एवढंच ठाऊक होतं की हल्ली आपण सगळ्याच कामांत चुकतो, आई चिडते. हे एक काम असं आहे की ते केलं की सगळे हसतात आणि आई पाठीवरून हात फिरवते. ती मागच्या खिडकीतून उतरली.

देवळापुढे लाइफू काका म्हणत होते, "नेम म्हणजे नेम. पोरीला आण."

"पोरीला मी आणणार नाही," यिनमेई म्हणाली. ताट तिने बाकावर ठेवलं होतं आणि ती त्याच्याकडे पाठ करून सगळ्यांना तोंड देऊन उभी होती. "तिचे कान तुमच्या नेमाने खाल्ले. तुमच्या सगळ्यांच्या पोरांना ऐकू येतं ना? मग त्यांना विचारा, माझ्या पोरीने किती वेळा घेतलं. त्यातलं एक तरी खोटं होतं का?"

"एक होतं," मागून कोणी तरी म्हणालं.

तिथे जी बाचाबाची सुरू झाली तिच्यात सगळेच ओरडत होते, मीसुद्धा. रुईजू माणसांच्या पायांमधून वाट काढत बाकापाशी कधी आली ते कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं तेव्हा तिच्या तोंडात गोळी होती. मोठ्यांच्या बाजूची. मी किंचाळले. यिनमेई वळली. "थुंक! रुईजू, थुंक!" असा आवाज मी बाईमाणसाच्या गळ्यातून आजवर ऐकलेला नाही. पण पोरीची आमच्याकडे पाठ होती. तिने गोळी गिळली, हाताला लागलेली साखर चाटली आणि दुसरी गोळी उचलून तीही तोंडात टाकली. बहुधा दोन घेतल्या की आई जास्त खूश होईल असं तिला वाटलं असावं. मग ती क्वेई आजीसमोर जाऊन उभी राहिली आणि तोंड उघडलं.

आजीला काय दिसणार होतं? तिने सवयीने वाकून हुंगलं. "खरं आहे," ती म्हणाली.

यिनमेईने पोरीला उचललं, घशात बोटं घातली, मिठाचं पाणी ओतलं. थोडं पडलं. दोन माणसं तांग डॉक्टरांना आणायला धावली. रुईजूला गरगरायला लागलं, तिने आईच्या मानेला घट्ट धरलं, मग हातपाय झटकायला लागली. गाव गोठून उभं होतं. मला वाटलं आता सगळे घरी जातील.

तेव्हा यिनमेईने मान वर केली. डोळ्यांत एक थेंब नव्हता. "धाकटे," ती मला म्हणाली, "ताट फिरव."

"वहिनी..."

"फिरव म्हणते ना! आजीने खरं आहे म्हटलंय. आज नाही घेतलं यांनी, तर पुन्हा कोणाला उभं करू मी इथे?"

मी ताट फिरवलं. लाइफू काकांनी पहिली गोळी घेतली, खाली बघून. मग एकेक करून सगळ्यांनी घेतली, म्हाताऱ्यांनी, पोराटोरांनी, मागच्या वेळी न घेतलेल्यांनीही. यिनमेई मांडीवर पोरीला धरून बसली होती आणि मधूनच मला सांगत होती, "त्याला लहान गोळी. तो नऊ वर्षांचा आहे." दोन तासांनी जुलाबाचं मीठ द्यायची आठवणही तिनेच केली.

तांग डॉक्टर धापा टाकत पोचले, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पहाटे रुईजू गेली. आमच्याकडे लहान पोरांना उंचवटा न करता पुरतात आणि मुलीची पाटी देवळात लागत नाही. ज्या देवळापुढे ती इतक्या वेळा उभी राहिली तिथे तिचं नाव कुठेच नाही. मी एकदा लाइफू काकांना तसं तोंडावर बोलले. ते म्हणाले, "नेम आहे." पण म्हणताना त्यांचा आवाज फाटला, आणि त्यानंतर मी त्यांच्याशी भांडले नाही.

दोन वर्षांत गावातला पिवळा आळस गेला. सोनखताच्या खड्ड्यांवर झाकणं बसली. आफाला पुढे तीन मुलं झाली, त्यांतलं एकही भिंत खरवडत बसलं नाही. यिनमेईने पिंप देवळाच्या मागे ठेवून दिलं. त्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. ती शेतात आमच्याबरोबर राबायची, जेवायची, कधी कधी हसायचीही, हात तोंडावर ठेवून. कोणाला हाक मारायची मात्र तिने सोडून दिली. काम असलं की चालत जवळ जायची आणि खांद्याला हात लावायची.

हल्ली शहरातून शिकलेली पोरं येतात, वासाडं गवत पिशव्यांत भरून नेतात. म्हणतात, याचं तेल काचेच्या नळीत दुसऱ्या कुठल्या कुठल्या जंतूंवर घालून बघतोय, आशा वाटते. करा बाबांनो. लागू पडतं, यात शंकाच नाही. काचेच्या नळीला कान नसतात, एवढंच.

ही पोरं यायच्या कितीतरी आधी सरकारी गोळ्या आल्या, पांढऱ्या, बिनवासाच्या. वर्षातून एकदा नर्सबाई देवळापुढे टेबल मांडायची. पहिल्यांदा कोणी घ्यायची, असा प्रश्न आता कोणी विचारत नव्हतं. पण यिनमेई दरवर्षी सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहायची. गोळी गिळायची आणि तोंड उघडायची. क्वेई आजी केव्हाच वारली होती. नर्सबाई म्हणायची, "झालं, आजी. मिटा आता तोंड." ती तशीच उभी राहायची, पुढचे दात पडून गेलेलं तोंड उघडं ठेवून. मागे रांग थांबायची. मग मीच मागून पुढे जायचे, तिच्या तोंडाशी नाक न्यायचे आणि म्हणायचे, "खरं आहे."